डावीकडच्या तीन खिडक्या

सरकारी नोकरीला लागले तेव्हा माझ्या नेमणुकीच्या कागदावर हुद्दा लिहिलेला होता, 'काँप्युटर'. टायपिस्ट, ड्राफ्ट्समन, तसा काँप्युटर. दिवसभर आकडेमोड करणाऱ्या माणसाला तेव्हा हेच म्हणत. माझ्या मुलाने, प्रशांतने, घरात संगणक आणला त्या दिवशी मी हे त्याला सहज सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "आई, तू काँप्युटर होतीस?" होते. चार वर्षं होते. त्या चार वर्षांतल्या एका उन्हाळ्याबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला काय, कुणालाच नाही.

पण गेले चार दिवस घरात त्या यंत्रावरून जी धुसफूस चालली आहे, तिने मला बसू दिलेलं नाही. विकत घेताना त्यात चौसष्ट एमबीची मेमरी आहे असं सांगितलं होतं, आणि यंत्र स्वतः छप्पन्नच आहे म्हणतं. मध्यंतरी राऊत म्हणून दुरुस्तीवाला येऊन पंखा साफ करून गेला होता. झालं, प्रशांतचा संशय त्याच्यावर. प्रशांतने झाकण काढलं, मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने तिचे दात पुसले, परत बसवली, शेजारच्या खाचेत घालून पाहिली. छप्पन्न. राऊत फोनवर शांतपणे सांगतो की उरलेले आठ कुठे गेलेले नाहीत, पडद्यावरचं चित्र काढायला यंत्र ते स्वतःपाशी ठेवून घेतं. प्रशांतला हे थाप वाटतं. त्याच्या मते राऊतने चांगली पट्टी लांबवून दुसरी घातली. काल त्याने मला विचारलं, "आई, तू तर घरीच असतेस. तो येऊन गेला त्याच्या आधी आकडा पूर्ण दिसत होता ना?"

मी भाजी लागली वाटतं, असं म्हणून आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

अकोल्याला मी आत्याकडे राहायचे, जठारपेठेत. आत्याचे यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर ती दोन खोल्यांत एकटी राहायची. अमरावतीहून मला तिच्याकडे पाठवताना तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती. ऑफिसातून एक जरी तक्रार आली की नोकरी बंद, आणि चांदूरचं जे स्थळ सांगून आलं होतं त्याला होकार. तात्या शाळामास्तर होते, अट घातली की पाळायचे. तो चांदूरचा मुलगा वाईट होता असं नाही. पण सकाळी स्वतःचा डबा घेऊन, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या कामाला जाण्याची चव मला लागली होती. कापूस पिंजणाऱ्या जिनाचा, म्हणजे जिनिंग कारखान्याचा, पहिला भोंगा झाला की आत्या चुलीपुढे बसायची. ज्वारीच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवल्याचा आवाज, मग तव्यावरची वाफ, मग पाट्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण रगडल्याचा वास. आंबाडीची भाजी असली तर ती वरून कच्चं तेल सोडायची आणि म्हणायची, "खाय वं पोट्टे, दिवसभर ते चक्कर फिरवतं. मनगटात जीव नको?"

चक्कर म्हणजे आमच्या ऑफिसातलं हिशेबाचं मशीन. कापसाच्या वाणांचे प्रयोग व्हायचे, कुठल्या वाफ्यात किती बोंडं, किती कापूस, त्याचे आकडे आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांच्या बेरजा, वर्ग, वर्गांच्या बेरजा काढायचो. मशीन शिलाई मशीनच्या डोक्याएवढं, पण बिडाचं, एकट्याने उचलवणार नाही असं. वर किल्ल्या, उजवीकडे हँडल, खाली पुढेमागे सरकणारी गाडी आणि गाडीवर एका ओळीत तेरा खिडक्या, प्रत्येकीत एक आकडा. किल्ल्या ओढून संख्या लावायची, हँडल एकदा फिरवलं की ती संख्या खिडक्यांतल्या बेरजेत जमा. खर्रर्र-टक. दिवसाला हजारदा खर्रर्र-टक. आम्ही दोघं मिळून काम करायचो, एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने फिरवायचं. वाचायचे तायडेबाबू.

तायडेबाबू मोर्शीकडचे. बौद्ध. त्यांच्या गावातून सरकारी नोकरीत आलेला पहिला माणूस. मला सगळं काम त्यांनीच शिकवलं. आत्याने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "तायडे म्हंजे कोणातले?" मी सांगितल्यावर ती काही बोलली नाही, फक्त माझ्या डब्यात दोघांना पुरेल एवढी भाकरी असायची ती एकाला पुरेल एवढी झाली. मीही काही बोलले नाही. न बोलण्याची सवय मला तिथपासूनची आहे.

मशीनचं झाकण पत्र्याचं होतं. त्याच्या आतल्या बाजूला तायडेबाबूंनी गोंदाने एक चिठ्ठी चिकटवली होती, त्यांच्या गोल गोल अक्षरात: 'डावीकडील तीन खिडक्यांत हातचा जात नाही.' खिडक्या तेरा असल्या तरी मशीनच्या पोटातले हातचा पुढे नेणारे दाते दहाव्या खिडकीपर्यंतच पोचत. पुढच्या तिन्ही खिडक्यांत आकडा दिसायचा, पण शेजारी नवाचा शून्य झाला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. "मशीन तेराचं दिसते बाई, पण हाय दहाचं," तायडेबाबू म्हणायचे. "बनवणाऱ्यानंच तसं बनवलं. आपुन ध्यानात ठेवायचं."

एक युक्तीही त्यांनीच शिकवली होती. एक संख्या डाव्या टोकाच्या किल्ल्यांवर लावायची, दुसरी उजव्या टोकाच्या, आणि त्या जोडसंख्येला तिनेच गुणायचं. दोन्हींचे वर्ग खिडक्यांच्या दोन टोकांना जमा होतात आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट मध्ये. तीन कामं एका फिरवण्यात. मात्र दर दहा ओळींनी खिडक्यांतला आकडा कागदावर उतरवून मशीन साफ करायचं, नाहीतर डावीकडची बेरीज फुगून त्या तीन खिडक्यांत शिरते. मी दहाच्या वीस ओळी करू लागले. मग तीस. ऑफिसात एकटी मुलगी होते. वेगाने काम केलं की लोक बघायचे, आणि मला ते आवडायचं.

मशीनला तेलपाणी करायला गफ्फारभाई यायचे. टेसनाजवळ त्यांचं शिलाई मशीन आणि टाइपरायटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि गावातल्या बऱ्याच कचेऱ्यांची मशीनं त्यांच्याच हाताखालून जायची. उंच, किंचित वाकलेले, कानावर पेन्सिल. त्या वर्षी होळी झाल्यावर ते आले, दोन दिवस मशीन उघडून बसले. माझ्या तळहाताला हँडलने घट्टे पडलेले त्यांनी पाहिले असावेत. जाताना बघते तर हँडलच्या मुठीवर मऊ कातड्याची पट्टी, टाके घालून शिवलेली. "मशीनले तेल देल्लं, बाईच्या हाताले चमडा देल्ला," ते तायडेबाबूंना म्हणाले. "मशीन तं सरकारची हाय. हात तर इन्का खुदका हाय ना." झाकण पुसताना चिठ्ठीचा कोपरा सुटला होता, तोही त्यांनी गोंद लावून बसवून दिला. त्यांना मराठी वाचता यायचं नाही, पण तायडेबाबूंना विचारून घेतलं होतं त्यात काय लिहिलंय ते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तायडेबाबू रजेवर गेले, त्यांची आई आजारी होती. आणि त्याच आठवड्यात साहेबांना मोठा तक्ता वर पाठवायचा होता. वाचायला कोणी नव्हतं. मीच वाचायची, मीच फिरवायची. साठ ओळी होत्या. मी साठच्या साठ ओळी एका दमात केल्या. मध्ये एकदाही उतरवलं नाही, एकदाही साफ केलं नाही. चिठ्ठी डोळ्यांसमोर होती. मला आठवते ती, मी वाचली नाही असं नाही. मला वाटलं, एवढी कुठे जाणारे बेरीज.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. साहेब पुण्याकडचे, बोलणं मोजकं. वाळ्याच्या पडद्यावर चपराशी पाणी मारत होता, खोलीत ओल्या वाळ्याचा गार वास होता आणि मला घाम सुटलेला. "हे काय आहे?" कागदावर जी संख्या कधीच उणे येऊ शकत नाही, ती उणे आली होती. वर्गांच्या बेरजेतून काहीतरी वजा करून राहिलेलं ते; एखाद्या शेताचं क्षेत्रफळ उणे यावं तसं. "मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले. स्वतः उठून आले. त्यांनी तपासायची रीत बरोबर केली. तेराही खिडक्यांत नऊ आणले, गाडी जागेवर आणली आणि एक मिळवला. हँडल फिरलं. नवाचे शून्य होत गेले, उजवीकडून डावीकडे, दहा शून्यं. आणि डावीकडे तीन नऊ तसेच उभे राहिले.

साहेबांनी पुन्हा केलं. तीन नऊ. हँडल जोरात फिरवून पाहिलं, हळू फिरवून पाहिलं. तीन नऊ. "तीन घरांचे दाते गेलेत," ते म्हणाले. "याला शेवटचं कोणी उघडलं होतं?" चपराशाने नाव सांगितलं. साहेबांनी त्यालाच गफ्फारभाईंना आणायला पाठवलं आणि आपल्या खोलीत गेले.

मी एकटीच होते. बाहेर ऊन असं की खिडकीतून रस्ता हलताना दिसायचा. तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता. साहेबांच्या खोलीपर्यंत आठ पावलं, मी कितीदा मोजली होती. मी जायचं आणि म्हणायचं, साहेब, मशीन असंच आहे, चूक माझी. मग तक्रार तात्यांना जाणार. मग चांदूर. मी झाकण उचललं आणि नखाने चिठ्ठी खरवडून काढली. कोपऱ्याला नवा गोंद होता, तो सुटता सुटेना. चिठ्ठी घडी करून मी डब्यात टाकली, ठेच्याच्या वाटीखाली.

गफ्फारभाई आले ते हत्यारांची पिशवी घेऊनच. साहेबांनी तीन नऊ दाखवले. गफ्फारभाईंना हसू आलं, खरं सांगते, त्यांना बरं वाटलं की एवढंच आहे. "साहेब, हे तं पैल्यापासून असंच हाय. कंपनीनंच तीन घरात हात नाही देल्ला. झाकनात तायडेबाबूची चिठ्ठी हाय, पाहा ना." त्यांनी झाकण उलटं केलं. पत्र्यावर गोंदाचा एक चौकोन होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"चिठ्ठी होती इथं."

"नाटकं पुरे," साहेब म्हणाले. "आतले दाते काढून कुठल्या मशीनला घातलेत?"

"खोलून दाखवतो साहेब. तुमच्यासमोर. दहा मिनिटं लागतील. दाते काढले असतील तर जागा तं दिसंल, इथं जागाच नाही."

"एकदा उघडलंत तेवढं पुष्कळ झालं."

तेव्हा गफ्फारभाई माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; एखाद्याला घरचं माणूस दिसावं तसा होता तो. "बाई, तुमी रोज चालवता. तुमी सांगा."

साहेबांनी विचारलं, "आधी या तीन घरांत हातचा जात होता?"

साहेबांसमोर मी नेहमी जपून, पुस्तकातलं बोलायची. त्या दिवशी 'हो'साठी घरचा शब्द आला. "हाव," मी म्हणाले.

गफ्फारभाईंनी पिशवी उचलली. पेन्सिल कानावरून पडली ती चपराशाने उचलून दिली. बस, एवढंच.

त्या दिवशी घरी आत्या कुरडया घालायला बसली होती. गव्हाचा चीक शिजवलेला, अंगणात बाजेवर धोतर अंथरलेलं, आणि ती म्हणाली, "ये, सोऱ्या फिरव." मी सोऱ्या फिरवायला लागले आणि थांबेचना. एकावर एक, वेडेवाकडे, कुरडयांचे ढीग पडायला लागले. आत्याने हात धरला. "काऊन वं, भूत लागलं का? ऑफिसात कोनी काही बोललं?" "नाही." "मंग जेवत काऊन नाहीस? डबा तसाच आनला." तिने शेजारी ठेवलेला माझा जड डबा ओढला, उघडला, वाटी उचलली. तेलाने भिजून चिठ्ठी आरपार दिसायला लागली होती. आत्याला वाचता यायचं नाही. "कागद काऊन टाकला यात?" म्हणून तिने ती चुलीत टाकली. मी ती टाकू दिली. इतक्या वर्षांत स्वतःला सांगत आले की जाळली आत्याने.

तायडेबाबू आठ दिवसांनी आले. कोणी काही सांगायच्या आधी त्यांनी काम सुरू करायला झाकण उचललं. गोंदाचा चौकोन पाहिला. मग बाहेर जाऊन चपराशाशी बोलले, परत आले आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी ऐकू येईल तेवढं ऐकत होते, साहेबांचाच आवाज येत होता. थोड्या वेळाने बाबू येऊन आपल्या खुर्चीत बसले. आकड्यांचं रजिस्टर उघडून त्यावर हात ठेवून बसले.

"साहेब म्हनते, चिठ्ठी दाखवा," ते म्हणाले. "म्हनते, तुमाले त्या मिस्त्रीचा एवढा पुळका काऊन."

मी हँडलवरच्या कातड्याकडे बघत होते. त्यांनी वाट पाहिली. पुष्कळ वाट पाहिली. जिनाचा दुपारचा भोंगा होऊन गेला.

"बाई, वाचू?" ते म्हणाले.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. रोज ते वाचायचे आणि मी फिरवायची. सत्तेचाळीस, बावन्न, एकोणचाळीस. त्या आकड्यांखेरीज ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि आकडा मात्र एकही कधी चुकीचा किंवा घाईने वाचला नाही. दर दहा ओळींनी थांबायचे, मी उतरवून घेईपर्यंत. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. आले नाहीत.

पावसाळा संपताना नागपूरहून कंपनीचा माणूस आला होता. त्याने मशीन उघडलं, दहा मिनिटंच लागली, आणि सांगितलं की यात काही बिघाड नाही, हे मॉडेलच असं येतं. साहेब म्हणाले, लिहून द्या. कागद फायलीत गेला. गफ्फारभाईंना कोणी कळवलं नाही. तोवर कळवायला ते अकोल्यात नव्हतेच. आमच्या ऑफिसाने काढलं म्हटल्यावर दुसऱ्या कचेऱ्यांनीही त्यांना टाइपरायटर देणं थांबवलं. पार्ट काढून घेणारा मिस्त्री, असं नाव झालं की मिस्त्रीचं काय उरतं? टेसनाजवळच्या त्यांच्या दुकानात कोणीतरी सायकलीची पंक्चरं काढायला बसलं होतं. मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं.

इथे थांबता आलं असतं तर बरं होतं. पण सांगायला बसले आहे तर सगळं सांगते. लग्न होऊन मी अमरावतीलाच आले. चांदूरला नाही, तात्यांनी नंतर दुसरं स्थळ पाहिलं, मीही हो म्हटलं. प्रशांत पोटात होता तेव्हा माझं शिलाई मशीन अडकायला लागलं, म्हणून रिक्षात घालून मी ते दुरुस्तीला नेलं. दुकानात पाठमोरा माणूस बसलेला, किंचित वाकलेला, कानावर पेन्सिल. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बाई, तुमी अकोल्याच्या काय?"

"नाही," मी म्हणाले. या वेळी शुद्ध बोलले.

"अच्छा," ते म्हणाले. "परसों घेऊन जा."

मी स्वतः गेले नाही, यजमानांना पाठवलं. मशीन घरी आलं, लोण्यासारखं चालायला लागलं होतं. हाताने फिरवायचं मशीन ते. मुठीवर कातड्याची मऊ पट्टी होती, टाके घालून शिवलेली. यजमान म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं, त्यानेच लावून दिली." मला ओळखून त्यांनी ती लावली, की ते सगळ्याच बायकांच्या मशीनला अशी पट्टी लावायचे, हे मला आजवर ठाऊक नाही. दोन्हींतलं कुठलं खरं असलं म्हणजे मला बरं वाटेल, तेही ठाऊक नाही. मी परत गेले नाही. काही वर्षांनी तिथे कपड्यांचं दुकान झालं. प्रशांतची झबली-टोपडी मी त्या मुठीला धरूनच शिवली.

आज सकाळी प्रशांतने राऊतच्या मालकाला फोन लावायला डायरी काढली. त्याला कामावरून काढायला सांगणार होता. डायरीत नंबर शोधता शोधता त्याने पुन्हा विचारलं, "आई, नीट आठव. तो यायच्या आधी चौसष्ट दिसायचे ना?"

आता एक सांगते. प्रशांत ऑफिसला गेला की मी रोज ते यंत्र चालू करते. पत्ते खेळायला. चालू करताना काळ्या पडद्यावर आपली मेमरी ते स्वतः मोजतं, आकडा भराभर वर चढतो आणि एका जागी थांबतो. जुनी खोड, खिडकीत आकडा फिरताना दिसला की तो थांबेपर्यंत मला नजर हलवता येत नाही. आणल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी तो पाहत आले आहे.

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासून छप्पन्नच आहेत. राऊत येऊन जायच्या कितीतरी आधीपासून. मी रोज बघते."

त्याने डायरी मिटली. "मग चार दिवस बोलली का नाहीस? मी त्या माणसाला काय काय बोललो."

"त्याला आधी फोन कर," मी म्हणाले. "मालकाला नाही, त्याला. माझ्यासमोर कर. मग बस इथे, सांगते."